इयान, जोव्हानी, यान आणि दगडू

"मावशी, नर्सिंगचे अनुभव लिहा ना. काहीतरी इन्स्पायरिंग हवं," असं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका फोनवर म्हणाली. गोड मुलगी आहे, पण हॉस्पिटल तिने टीव्हीवरच पाहिलेलं दिसतंय. एडिनबरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. तिथे प्रेरणेपेक्षा बेडपॅन जास्त लागतात. तेव्हा इन्स्पायरिंग मजकूर दुसऱ्या कुणाकडून तरी घे बाई. मी लिहितेय ते नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं आहे आणि रिटायर झाले तरी माझी पाठ सोडत नाही.

पेशंटची नावं बदलून लिहावीत अशी आमच्या धंद्याची रीत. पण या गोष्टीत नावंच बदलली तर शिल्लक काय राहणार? म्हणून नावं ठेवली आहेत, आडनावं गाळली आहेत.

मी मूळची गुहागरची, नर्सिंग शिकले मिरजेला. तिथे वडिलांच्या वयाच्या पेशंटला काका, आजोबा म्हणायचो. इथे प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी पाटी असते, 'मला या नावाने हाक मारा' अशी. त्यावर असेल ते नाव घेऊन नव्वदीच्या म्हाताऱ्याला सरळ एकेरीत हाक मारायची. सुरुवातीला माझी जीभच उचलायची नाही. आमची सीनियर नर्स मोराग, ग्लासगोची, तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय हलकी, ती म्हणायची, "सू, म्हातारपणी माणसाचं सगळं जातं. नाव तेवढं राहतं. ते तरी घे तोंडभरून." सू म्हणजे मी. सुनंदा म्हणायला त्यांना जड जायचं, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझी सू झाली. कोणी विचारलंही नाही.

मोरागने मला आणखी दोन गोष्टी शिकवल्या, त्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. पेशंट गेला की आधी खिडकी उघडायची आणि मग डॉक्टरला फोन करायचा. आमच्या खिडक्या सुरक्षेसाठी चार बोटंच उघडतात, पण तेवढ्याने भागतं म्हणे. दुसरी गोष्ट, मेलेल्या माणसाला पुसून-बिसून स्वच्छ करताना त्याच्याशी नाव घेऊन बोलत राहायचं. "आता तुला कुशीवर वळवते हं. पाणी कोमट आहे, घाबरू नकोस." का, तर कान सगळ्यात शेवटी जातात. किती वेळाने जातात, ते मात्र ती सांगायची नाही.

आणि एक गोष्ट सगळ्याच नर्सना माहीत असते. जायला टेकलेली माणसं कोपऱ्यात बघून कुणाशी तरी बोलतात. आई दिसते, नवरा दिसतो, लहानपणीचा कुत्रासुद्धा दिसतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. उलट सोबत आहे म्हणून बरंच वाटतं. इयानच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं.

आमच्या वॉर्डात चार पलंगांचा एक कप्पा असतो, त्याला 'बे' म्हणतात. त्यातल्या पुरुषांच्या एका बेमध्ये इयान होता. स्कॉटलंडच्या बेटांवरचा कोळी, हृदय अगदी थकलेलं. दुपारी चहाची ट्रॉली आली होती आणि मी त्याच्या कपात दूध घालत होते. एकदम त्याने खिडकीकडे मान वळवली आणि त्याच्या गेलिक भाषेत खणखणीत उत्तर दिलं.

"काय रे, कुणाशी बोलतोस?" मी विचारलं.

"हाक मारली ना कुणीतरी. आलो म्हटलं."

खिडकीबाहेर कुणी असणं शक्यच नव्हतं. आम्ही चौथ्या मजल्यावर, खाली कारपार्क. दुसऱ्या दिवशी चहाची ट्रॉली यायच्या आत इयान गेला. मोरागने खिडकी उघडली, आम्ही दोघींनी त्याला पुसलं आणि नाव घेऊन निरोप दिला. नव्वदीचा माणूस, कुणाला नवल वाटायचं कारणच नव्हतं.

त्याच पलंगावर जोव्हानी आला. इटालियन घराणं, पण जन्म इथलाच. बापाचं आइस्क्रीमचं दुकान याने पन्नाशीपर्यंत चालवलेलं. पायाला जंतुसंसर्ग झाला होता, तो बरा होऊन दोन-चार दिवसांत घरी जाणार होता. पाटीवर नाव होतं जॉन. दिवसभर नर्सेसना चिडवायचं आणि जेवणाला नावं ठेवायची, एवढाच त्याचा आजार उरला होता.

एका दुपारी तो मला म्हणाला, "सू, तू मला जोव्हानी म्हणालीस?"

"मी कशाला म्हणू? पाटीवर तर जॉन आहे."

"तेच तर! आई गेल्यापासून मला कुणी जोव्हानी म्हटलेलं नाही." मग हा आपला हसला, खिडकीकडे तोंड करून इटालियनमध्ये मोठ्याने काहीतरी ओरडला आणि मला डोळा मारला. "म्हटलं, इथेच आहे मी, ये!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाकडे चालत जाताना तो कोसळला. फुप्फुसात रक्ताची गाठ. असं होतं. मी अनेकदा पाहिलंय. तरी त्याला पुसताना 'जॉन' म्हणावं की 'जोव्हानी' म्हणावं, मला कळेना. मी दोन्ही म्हणाले.

त्यांच्या शेजारच्या, खिडकीलगतच्या पलंगावर यान होता. पोलिश. त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून स्कॉटलंडला आला आणि इथेच राहिला. यानने शाळेत आयुष्यभर लॅटिन शिकवलं. कंबरेचं हाड मोडून आला होता, ते केव्हाच जुळलं होतं. पण घरी सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई मिळाल्याशिवाय सोडता येत नव्हतं आणि ती मिळता मिळत नव्हती. असे बरे झालेले आणि अडकलेले पेशंट वॉर्डात नेहमीच असतात. मला तो फार आवडायचा. पाटीवर त्याचंही नाव जॉनच होतं. पण आमची ओळख झाल्यावर त्याने सांगितलं, "माझं नाव यान. तुझं खरं नाव सांग, मग तू मला यान म्हण." अख्ख्या हॉस्पिटलात मला सुनंदा म्हणणारा तो एकटाच.

जोव्हानी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. "सुनंदा, मला वेडा म्हणू नकोस. त्या दोघांना हाक मारलेली मी ऐकली आहे. इयानला इयान म्हणून आणि जोव्हानीला जोव्हानी म्हणून. आवाज एकच, अगदी सभ्य. परक्याच्या दारात उभं राहून मारावी तशी हाक."

म्हाताऱ्या माणसाला नसलेलं ऐकू यायला लागलं की आधी लघवी तपासायची, हा आमचा पहिला धडा. तिथलं इन्फेक्शन मेंदूला चढतं. मी तपासली. स्वच्छ. ताप नाही, वार-तारीख बरोबर सांगतोय, पंतप्रधानाचं नाव सांगताना वर दोन शिव्याही घालतोय. माणूस ठणठणीत होता.

"आणि तुझ्या लक्षात आलं का," तो म्हणाला, "की दोघांचं नाव एकच आहे?"

मग त्याने मास्तरकी सुरू केली. मूळ नाव हिब्रू, योहानन. देवाने कृपा केली, असा अर्थ. ते ग्रीकात गेलं, लॅटिनमध्ये योहानेस झालं आणि तिथून पाद्र्यांबरोबर गावोगाव पांगलं. इंग्रजांचा जॉन, स्कॉटिशांचा इयान, आयरिशांचा शॉन. फ्रान्समध्ये गेला आणि जाँ झाला, स्पेनमध्ये ह्वान, जर्मनीत योहान आणि लाडाने हान्स. इटलीत जोव्हानी, हंगेरीत यानोश, पोलंडमध्ये यान, रशियाकडे इवान. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच आहे. एकच कृष्ण, पण कुठे किसन, कुठे कान्हा, कुठे कण्णन.

"म्हणजे तुला कळेल," यान म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "कुणीतरी एका माणसाला शोधतंय. त्याला नाव ठाऊक आहे, भाषा ठाऊक नाही. म्हणून एकेक करून बघतोय. मी पुढचा आहे गं."

अंगावर काटा आला माझ्या. भर दुपारी, शेजारी टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू असताना. मी त्याला उगाच दटावलं, काहीतरीच काय म्हणून. पण त्या शुक्रवारी मी ड्यूटीवर गेले तर तो चादर गळ्यापर्यंत ओढून बसलेला. "आज मला हाक मारली. यान म्हणाला. माझी आई म्हणायची तसं, अगदी तसंच. तोंडावर शब्द आला होता सुनंदा, कसाबसा गिळला. काय करू?"

आता शिकलेल्या नर्सने काय करावं? डॉक्टरला सांगावं. मी काय केलं? आमच्या गुहागरकडचा तोडगा सांगितला. तिन्हीसांजेनंतर बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो, बाहेरचं जे असतं ते दोनदाच मारतं. लहानपणी आम्ही आईलासुद्धा तीनदा ओरडायला लावायचो आणि मग पाठीत धपाटा खायचो.

यानने हे इतकं मनावर घेतलं की मला पळता भुई थोडी झाली. नवी डॉक्टरीणबाई राउंडला आली. "जॉन? जॉन, ऐकू येतंय का?" असं दोनदा म्हणाली. हा डोळे मिटून ढिम्म! शुद्ध हरपली असं वाटून ती बाई घाबरली आणि मेंदूचा स्कॅन सांगून मोकळी झाली. फिजिओवाला आला, दोनदा हाक मारून परत गेला. जेवणवालीही गेली. मी ड्यूटीवर येऊन पाहते तर हा उपाशी! "अरे बाबा, माणसांना तरी ओ दे," मी म्हटलं. तो एक डोळा उघडून म्हणाला, "माणूस आहे हे कशावरून? तुझ्या देशातली भुतं दोनदाच बोलावतात ना? तिसऱ्यांदा कुणी बोलावतच नाही इथे. सगळे घाईत असतात." मोराग हसून हसून पडायची वेळ आली. मला मात्र हसू येईना, कारण तो बोलताना खिडकीकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

पण तो टिकला. घरी मदतीची बाई मिळाली आणि यान एका सकाळी व्हीलचेअरमधून निघाला. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. त्याने माझा हात धरला.

"थांबलं ते," तो म्हणाला. "मला दोनदा बोलावलं, मग सोडून दिलं. पण काल पुन्हा आलं होतं. माझ्यासाठी नाही. इवान म्हणालं. आपल्या बेमध्ये इवान कुणी नाही ना?"

"नाही."

"मग वॉर्डात?"

"वॉर्डातही नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि लिफ्टचं दार लागलं.

हे झालं सकाळी. संध्याकाळी माझ्या जावयाचा फोन आला. माझी मुलगी गौरी आणि जावई निखिल, दोघंही लंडनजवळ ब्रॅकनेलला आयटीत. गौरीचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. "आई, गौरी डिलिव्हर झाली. मुलगा आहे. खूपच लवकर आलाय, इन्क्युबेटरमध्ये ठेवलाय. तुम्ही या." निखिल नागपूरचा, कधी आवाज चढत नाही त्याचा. त्या दिवशी चढला होता.

पहाटेच्या विमानाने मी गेले. बाळ माझ्या तळहाताएवढं, काचेच्या पेटीत. कातडीखालची शीर न् शीर दिसत होती. असली बाळं श्वास घेता घेता मधेच थांबतात. मेंदू कच्चा असतो, श्वास घ्यायचं विसरतो. मग यंत्र वाजतं, नर्स तळपायाला टिचकी मारते आणि बाळ पुन्हा सुरू होतं. हे सगळं मला पाठ आहे. तरी माझ्या देखत तो पहिल्यांदा थांबला तेव्हा मला वाटलं, हा विसरला नाहीये. हा ऐकतोय.

गौरी खुर्चीत बसून एकटक त्याच्याकडे बघत होती. चेहरा सुजलेला. "आई, नाव ठरवलंय आम्ही," ती म्हणाली. "अजून कुण्णाला सांगितलं नाहीये. नर्स म्हणाली, कार्डवर नाव लिहू या, छान वाटेल. इवान."

मी आधी पेटीवरचं कार्ड पाहिलं. ते अजून कोरं होतं.

"संस्कृत आहे," ती सांगत होती. "वेबसाइटवर बघितलं. ईश्वराची कृपा असा मीनिंग आहे. आणि इथल्या लोकांना पण प्रनाउन्स करता येतं. परफेक्ट आहे ना?"

ईश्वराची कृपा! संस्कृत म्हणे! आमच्या लोकांना दोन्हीकडे चालणारं नाव हवं असतं, आणि ती वेबसाइटवाली मंडळी हव्या त्या नावाला संस्कृतची मुंज लावून देतात. एरवी मी नुसती हसले असते. त्या दिवशी मी म्हटलं, "गौरी, हे नाव नको. निदान हा घरी येईपर्यंत त्याला या नावाने हाक मारू नका."

"का?"

काय सांगणार? बाळंतीण पोरगी, तिचं लेकरू पेटीत. मी म्हटलं, "आपल्याकडे मूल नाजूक असलं की साधं, ओबडधोबड नाव ठेवतात. दगडू, धोंडू. म्हणजे कुणाचं लक्ष जात नाही. थोडे दिवस दगडू म्हणा त्याला."

गौरी भडकली. "दगडू? आर यू सीरियस? तू नर्स आहेस ना आई? सगळ्यांना अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा म्हणून लेक्चर देतेस, आणि माझ्या बाळाला दगड म्हणतेस?" मग ती रडायलाच लागली. "तो जगणार नाही असं वाटतंय तुला. म्हणून चांगलं नाव वाया घालवायचं नाहीये."

मला याच्या नेमकं उलट म्हणायचं होतं आणि ते म्हणता येत नव्हतं.

निखिल तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "गौरी, माझ्या आजोबांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून त्यांचं नाव धोंडू ठेवलं. ब्याऐंशी वर्षं जगले अन् शेवटपर्यंत भजी खात होते. ठेवू ना. आपलं काय जातं?"

निखिलनेच नर्सला नाव सांगितलं. तिने कार्डावर अस्वलाचं चित्र काढून खाली झोकात 'दगडू' लिहिलं, इंग्रजीत, आणि अर्थ विचारला. निखिलने सांगितला. "अरे वा," ती म्हणाली, "आमच्यात पीटर म्हणजे दगडच की. चांगलं दणकट नाव आहे!" त्यानंतर तिथल्या सगळ्या नर्सेस "गुड मॉर्निंग, डॅगडू" म्हणायला लागल्या. गौरीने मात्र ते नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. बाळा म्हणायची, सोन्या म्हणायची. माझ्याशीही कामापुरतंच बोलायची.

असे काही दिवस गेले. श्वास थांबणं कमी होईल असं डॉक्टर म्हणत होते, ते होईना. एका दुपारी आम्ही तिघं पेटीशी होतो. खोलीत ऊन आलं होतं. त्या युनिटचं दार कायम कुलूपबंद असतं. बाहेरून बेल दाबायची, इंटरकॉमवर नाव सांगायचं, मग आतली नर्स दार उघडते. तीच अस्वलवाली नर्स दारातून डोकावली.

"सॉरी हं, तुमच्याकडे इवान म्हणून कुणी आहे का? इंटरकॉमवर एक गृहस्थ विचारतायत. फार सभ्य आहेत. मी म्हटलं, इथे इवान नाही. तर म्हणाले, मग आहे तरी कोण? मी सांगितलं, नावं सांगायची परवानगी नाही आम्हाला."

एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कुणाचा तरी इवान असेलच. बापडा चुकून या दाराशी आला असेल. हे मी आज लिहिताना म्हणू शकते. तेव्हा मी फक्त गौरीकडे पाहिलं. तिने आमच्याशिवाय कुणालाच नाव सांगितलं नव्हतं, आणि ते तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यावरून मला कळलं.

आणि यंत्र वाजलं. पेटीत बाळ थांबलं होतं. मान किंचित दाराकडे, तोंड अर्धवट उघडं, जणू आता काही म्हणेल. नर्स धावली. पण तिच्या आधी गौरीचा हात पेटीच्या गोल खिडकीतून आत गेला. तिने त्याचा तळपाय मुठीत धरला.

"दगडू!" ती ओरडली. "ए दगडू! इकडे बघ. आई इकडे आहे. दगडू! दगड्या!"

बाळाच्या छातीत एक उचकी आली आणि श्वास सुरू झाला. गौरी थांबेना. यंत्र गप्प झालं तरी ती त्याला हाका मारतच राहिली. निखिलने तिचे खांदे धरले होते. नर्स दाराकडे जाऊन आली, म्हणाली, बाहेर आता कुणी नाही.

घरी नेल्यावर नाव बदलायचं असं आमचं ठरलं होतं. तो घरी आला, अंगाने भरला, भोकाड पसरून घर डोक्यावर घ्यायला लागला. जन्माची नोंद करायला गौरी स्वतः गेली, मीही बरोबर होते. बाळ माझ्या मांडीवर होतं. समोरच्या बाईने हसून विचारलं, "आणि या साहेबांचं नाव काय?"

गौरीने आधी मागे वळून दार लागलेलं आहे ना ते पाहिलं. मग पुढे वाकली आणि त्या बाईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "दगडू."